गाल फुगवा, हवा धरा

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळी चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप बाहेर आलं. परत भरली, परत तेच. बनियन ओला झाला. पूर्वा, माझी मुलगी, शेजारीच ब्रश तोंडात धरून उभी होती. मला घरात नकला करायची सवय आहे. कधी गिऱ्हाइकाची, कधी टीव्हीवरच्या बातमीवाल्याची. तिला वाटलं आजही तसंच काही चाललंय.

"बाबा, सुबह सुबह ड्रामा," ती म्हणाली आणि हसली.

ती हसली म्हणून मीही हसलो. आरशात बघितलं तर हसणारा माणूस उजव्या बाजूलाच होता. डाव्या बाजूला कुणी नव्हतं.

सुनंदा, माझी बायको, पिठाच्या हातानं आली. तिनं माझ्याकडे बघितलं, आधी जाऊन गॅस बंद केला, मग परत आली. "डोळे मिटा," म्हणाली. मी मिटले. "दोन्ही मिटा." मी दोन्ही मिटले असंच मला वाटत होतं. पण मला ती दिसत होती.

ज्यांच्यावर अशी सकाळ येईल त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे, डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. औषधांची नावं मला विचारू नका, आणि शेजारीपाजारी सांगतील ते तेलही चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. त्यापुढचं जे पुस्तकात नसेल तेवढंच मी सांगतो. शुद्धलेखन आमच्या मोघेकाकांनी बघितलंय. ते कोण, ते पुढं येईलच.

भट्टी

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले, विट्याकडचे. आमच्याकडची माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळायचं काम करतात. जुना दागिना आला की तो मुशीत घालून वितळवायचा, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध सोनं परत द्यायचं. याला गलाई म्हणतात. सातवी झाली तसा मामा मला ग्वाल्हेरला घेऊन आला. "सोन्याला व्याकरण लागत नाही," म्हणाला. मामा आता गावी परत गेलाय, दुकान मी चालवतो. इथले लोक मला नावानं ओळखत नाहीत, 'मराठे भैया' म्हणतात. माझं नाव दत्ता आहे.

भट्टीसमोर बसून शीळ वाजवायची सवय मला पहिल्याच वर्षी लागली. घरची आठवण आली की रडू यायचं, आणि मी रडलो की मामा चिडायचा. शीळ वाजवताना रडता येत नाही. करून बघा. ओठांना एका वेळी एकच काम जमतं.

पुढं आठवण कमी झाली, शीळ राहिली. मी मुळात काळजी करणारा माणूस आहे. मूस तडकेल का, गिऱ्हाइकाला संशय येईल का, पूर्वा सायकलवरून नीट पोचली असेल का. हे सगळं मनात चालू असताना खाली ओठांवर कुठलीतरी चाल चाललेली असायची. बँडवाले वाजवत गेले तर त्यांची, नाहीतर आमच्या जत्रेतल्या ढोलाची.

ही शीळ कुणालाच आवडायची नाही. आई म्हणायची, घरात शीळ वाजवू नये, साप येतो. इथं ग्वाल्हेरच्या गोरखी भागात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो आणि खाली घरमालक मोघेकाका राहतात. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी दरबारच्या नोकरीला दक्षिणेतून आलेलं. काका रिटायर झालेत, एकटे असतात आणि गाण्याच्या बाबतीत फार कडक. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला जिन्यात अडवलं होतं.

"दत्ता, तू जिन्यात सीटी वाजवत येऊन नको राहू. हे गाण्याचं शहर आहे. टॉकीज नाही."

तेव्हापासून मी जिना चढेपर्यंत तोंड बंद ठेवायचो.

सीटी बजाओ

रिक्षात बसताना गल्लीतलं कुणीतरी म्हणालं, "लकवा मार गया." तो शब्द रिक्षात आमच्याबरोबर बसला. पाटणकर बाजारातली दुकानं नुकती उघडत होती, शटर वर जात होती आणि मी डाव्या हाताची मूठ उघडत होतो, मिटत होतो. हात चालू होता. पण दुसऱ्या क्षणी वाटायचं, आता चालू आहे, चौकापर्यंत चालू राहील का? सुनंदानं माझी ती मूठ हातात धरून ठेवली. धीर देण्यासाठी नव्हे. म्हणाली, "बघून बघून मला चक्कर यायला लागली."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्याकडून एकेक गोष्ट करून घेतली. माथे पर बल डालो. आँखें ज़ोर से बंद. दाँत दिखाओ. गाल फुलाओ. हवा रोको. आणि मग म्हणाले, "सीटी बजाओ."

जन्मभर शीळ वाजवू नको म्हणणारेच भेटले होते. वाजव म्हणणारा हा पहिला माणूस. आणि वाजेना. नुसती वाफ निघाल्यासारखी हवा निघाली, तीही डावीकडून.

"दिमाग़ का मामला नहीं लग रहा," डॉक्टर म्हणाले. "चेहरे की नस है. सूज गई है."

सुनंदानं विचारलं, "मतलब लकवा नहीं?"

"वो वाला नहीं."

'वो वाला नहीं' हे ऐकलं आणि सुनंदा बाकावर बसली. तिनं पिशवीतून डबा काढला आणि मला म्हणाली, "खा." डॉक्टरांसमोरच.

मी विचारलं, बरं होईल का. ते म्हणाले, ज़्यादातर का हो जाता है, टाइम लगता है, घबराने का नहीं. आणि दाराकडे जाता जाता म्हणाले, "किसी-किसी का थोड़ा रह जाता है." काळजी करणाऱ्या माणसाला दहा चांगली वाक्यं सांगा, तो अकरावं घरी घेऊन जातो. मी ते घेऊन गेलो.

आणखी एक सांगितलं. डावा डोळा मिटत नव्हता. डोळा पूर्ण मिटेपर्यंत भट्टीजवळ जायचं नाही. धग, धूर, तेजाबाची, म्हणजे ॲसिडची वाफ, सगळंच उघड्या डोळ्यात जाणार. म्हणजे दुकान बंद.

मी त्यांना कारणही विचारलं. भट्टीवरून उठून थंडीत स्कूटरवर बसायचो, त्यानं झालं का? ते म्हणाले, ऐसा कुछ कह नहीं सकते. मला कारण हवं होतं. कारण मिळालं की त्याच्यावर राग काढता येतो.

शटर डाउन

रक्तदाब फार वाढलेला होता म्हणून ठेवून घेतलं. वॉर्डात सकाळ लादी पुसण्याच्या वासानं व्हायची. मग चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर काही नाही. चहा मी भिंतीकडे तोंड करून प्यायचो, कारण निम्मा हनुवटीवरून यायचा. समोरच्या खाटेवर मुरैन्याकडचे एक आजोबा होते. त्यांची बायको संत्रं सोलायची आणि सगळ्या खाटांवर दोन दोन फोडी ठेवत जायची. कुणाला काय झालंय ते विचारायची नाही. माझ्या उजव्या हाताला ठेवायची, म्हणजे मला वळायला लागू नये. ती बाई मला अजून आठवते.

संध्याकाळी सिस्टर यायच्या, डावा डोळा बोटानं मिटवायच्या, मलम लावायच्या आणि वर चिकटपट्टी. "चलो, शटर डाउन," म्हणायच्या. माझ्या दुकानाचंही तेच झालं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. तरी त्या म्हणाल्या की मला बरं वाटायचं. दिवसभर उघडा राहून डोळा दमायचा.

घरी

घरी आल्यावर खरं आजारपण सुरू झालं. दवाखान्यात सगळेच आजारी असतात. घरी मी एकटाच.

मी मास्क लावून राहायला लागलो. घरातसुद्धा. जेवताना घास डाव्या गालात अडकून राहायचा, तो बोटानं काढायला लागायचा, म्हणून मी सगळ्यांच्या नंतर जेवायचो. प, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. माझ्या तोंडून 'पूर्वा' नीट निघेना. मी तिला हाकच मारायचं सोडून दिलं, टाळी वाजवायचो. एकदा ती म्हणाली, "बाबा, मैं वेटर हूँ क्या?" आणि मग तिलाच रडू आलं.

आईला काही सांगितलं नव्हतं. व्हिडिओ कॉल आला की मी उजवी बाजू करून बसायचो. तिकडं भाऊ सगळं जाणून होता. त्याचं एकच, "बंद कर ते आणि ये निघून. परक्या गावात कोण बघणार आहे?" तो प्रेमानं म्हणायचा, पण फोन ठेवला की आमच्या घरात भांडण व्हायचं. मी म्हणायचो जाऊ या. सुनंदा म्हणायची, पूर्वाची दहावी आहे. मी म्हणायचो, तुला माझ्या तोंडाची काळजी नाही. एकदा मी फारच बोललो. ती पोळी लाटत होती, वर न बघता म्हणाली, "तोंड वाकडं झालंय, जीभ तरी सरळ ठेवा."

या सगळ्यात शीळ नव्हती. मी शीळ वाजवत होतो हे मला ती गेल्यावरच नीट कळलं. काळजी आधीही एवढीच होती, पण तिला बाहेर जायला वाट होती. ती वाट बुजली.

आच

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी तोंडाचे व्यायाम दिले. भुवया उचला. नाक आक्रसा. गाल फुगवा, हवा धरा. आ म्हणा, ई म्हणा, ऊ म्हणा. आरशासमोर, हळू, थोडे थोडे.

आता आमच्या धंद्यात सोनं वितळत नसेल तर काय करतात? आच वाढवतात. मला तेवढंच येतं. मी आरशासमोर बसलो आणि आच वाढवली. दात ओठ खाऊन, मान ताठ करून, घाम येईपर्यंत. जे दिवसातून थोडा वेळ करायचं ते मी उठल्यापासून करत होतो. बोटानं गाल ओढायचो, दाबायचो. तोंड हलत नव्हतं, फक्त दुखत होतं.

पुढच्या खेपेला मॅडमनी करून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"भैया, कुश्ती नहीं लड़नी है."

त्या म्हणाल्या, जोर लावला की नस चुकीचं शिकते. मग डोळा मिटायला जावं तर ओठ वर ओढला जातो, असं कायमचं होऊ शकतं. "हल्के से. जब मूड अच्छा हो तब करो. गाना-वाना लगा लो. खेलो इससे."

मूड अच्छा हो तब. मी मनात म्हटलं, मग झालंच. पण भीती वाटली म्हणून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून आरसा बंद. सकाळचं ऊन गच्चीवर यायचं तिथं जाऊन बसायचो, मास्क काढायचो आणि हळू आवाजात सुरू करायचो. आऽऽ. ईऽऽ. ऊऽऽ. मग पा पा पा. मग बो बो बो.

मोघेकाका वर आले

दोन-तीन सकाळी असं झालं असेल. मी 'ईऽऽ' वर होतो आणि जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. आधी पूर्वा दिसली, तिच्या दोन्ही हातांत काकांची पेटी. मागून काका, मफलर, कानटोपी.

"तू रियाज करून राहिला आहेस," काका म्हणाले, "आणि मला बोलला नाहीस?"

मला काही कळेना. पूर्वा त्यांच्या मागून माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती. त्यांना नुसतं माहीत होतं की माझी तब्येत ठीक नाही. काय ते आम्ही कुणालाच नीट सांगितलं नव्हतं. तीन दिवस सकाळी वरून आकार, ईकार ऐकू येत होता. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांना वाटलं असतं, या माणसाचं पोट दुखतंय. ग्वाल्हेरच्या मोघेकाकांना वाटलं, किरायेदार गाणं शिकायला लागला.

"मी खाली ऐकून राहिलो होतो. उमर झाली तरी सुरू केलंस, चांगलं आहे. पण तुझा पहिला सूरच हलतो. आणि ते बो बो काय आहे? ते कोणत्या घराण्यात पण नाही."

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. माझा हात मास्ककडे गेला.

"राहू दे ते," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मी जमेल तसं सांगितलं. नस, सूज, व्यायाम. अर्धे शब्द पूर्वानं पुरे केले. "काका, ये गाना नहीं है, एक्सरसाइज़ है. बाबांना डॉक्टरने सांगितलं आहे करायला."

"अच्छा," काका म्हणाले. मग पेटी मांडीवर घेतली. "तर एक्सरसाइज़ सुरात कर. बेसुरी एक्सरसाइज़ मला खाली सहन नाही होत."

त्यांच्या पेटीची एक पट्टी दाबलेलीच राहते. भाता हलवला की तो एक सूर आपोआप वाजत राहतो, शेळी ओरडल्यासारखा. दुरुस्त करणारा कधीचा मिळत नाही, म्हणून काकांनी त्यालाच सा मानलंय. त्यांनी भाता हलवला, शेळी ओरडली. मी आ लावला. काका मान हलवून म्हणाले, "तोंड वाकडं आहे ते दिसतंय. सूर का वाकडा आहे?"

मला हसू आलं. खरं, पोटातून. अर्ध्या तोंडानं हसलो, लाळ आली, डाव्या डोळ्यातून पाणी आलं. पूर्वा पेटीच्या मागं बसून तोंड दाबून हसत होती. काका गंभीर चेहऱ्यानं भाता हलवत होते आणि शेळी ओरडत होती. आजारी पडल्यापासून मी कुणासमोर हसलो नव्हतो. हसल्यावर मी कसा दिसतो हे मला माहीत होतं, म्हणून.

सुनंदा वर आली. काय झालं ते तिनं विचारलं नाही. परत गेली आणि चार कप चहा घेऊन आली, एकात स्ट्रॉ.

संध्याकाळी

त्या दिवसापासून काही ठरलं नाही, पण व्हायला लागलं. सुनंदा म्हणते, ठरवलं असतं तर दोन दिवसांत बंद पडलं असतं. कधी सकाळी गच्चीवर, कधी संध्याकाळी लाइट गेली की. काका पेटी घेऊन यायचे, पूर्वा स्टीलचा डबा पालथा घालायची. आ, ई, ऊ काकांच्या सरगमवर. पा पा पा डब्याच्या ठेक्यावर. 'बो बो बो'ला काकांनी शेवटपर्यंत मान्यता दिली नाही, पण वाजवायचे.

एकदा पूर्वानं तिच्या मोबाइलवरचं काहीतरी धमाधम गाणं लावलं आणि म्हणाली, "काका, ये बजाके दिखाओ." काका म्हणाले, "हे गाणं नाही, हा एक्सीडेंट आहे." आणि दोन मिनिटांनी पेटीवर ती चाल निघाली. त्यांच्याच तोंडावर आश्चर्य होतं.

मला सगळ्यात नवल सुनंदाचं वाटलं. एका संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती. काकांनी तिला विचारलं, "तुला काही येतं का गं?" मला येत नाही, ती म्हणाली. मग मेथी निवडता निवडता पंचमीचं एक गाणं म्हणायला लागली, माहेरच्या फेरातलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ते ऐकलं नव्हतं. कडवं संपलं की दुसरं, ते संपलं की तिसरं, सासूला टोमणे मारणारं. काकांची बोटं तिच्या मागं मागं पळत होती. नंतर भांडी घासताना ती मला म्हणाली, "रोज सकाळी नळ सोडून मी न्हाणीत रडत होते. तुम्हाला कळलं नाही ना?" कळलं नव्हतं. मला वाटत होतं घरात आजारी मी एकटा आहे.

हे लिहिताना भीती वाटते की कुणी म्हणेल, गाण्यानं तोंड सरळ झालं. तसं नाही. गोळ्या होत्या, थेंब होते, मॅडम होत्या आणि वेळ होता. पण मॅडम म्हणाल्या होत्या मूड अच्छा हो तब, आणि तो मूड कुठल्या दुकानात मिळत नव्हता. तो असा आला. भांडणंही चालू होतीच. फरक इतकाच, की भांडण झाल्यावर कुणीतरी डबा वाजवायचं.

संक्रांतीला आईनं मला पकडलं. फोनवर तिळगूळ घ्या म्हणत होती. मधेच थांबली. "दत्ता, तू असा तिरका का बसतोस रं? समोर बस. मला सगळा पोरगा दाखव."

मी समोर वळलो. ती फोन डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता रडेल.

"तुझा बाप चिडला की अस्साच दिसायचा," आई म्हणाली. मग डोळ्याला पदर लावला, पण आधी ते म्हणाली.

पिपाणी

इथं थंडीत मोठी जत्रा भरते, त्या मेळ्यात आम्ही चौघं गेलो. पूर्वानं चार पिपाण्या घेतल्या, त्या कागदाची गुंडाळी असलेल्या. फुंकलं की गुंडाळी सरळ होते आणि पीं वाजतं. काकांनी आधी हातात धरायला नकार दिला. मग गर्दीत मफलर, कानटोपी आणि तोंडात पिपाणी असे ते पुढं पुढं चालले, आणि समोरून येणाऱ्या पोरांच्या नाकापर्यंत गुंडाळी सोडायला लागले.

माझी उघडेना. हवा डावीकडून निसटायची. मी ओठाचा डावा कोपरा बोटानं दाबून धरला आणि फुंकलं. गुंडाळी अर्धी उघडली, थरथरली, परत मिटली. सुनंदा म्हणाली, "दिवाळीच्या आधी यातलं काही नव्हतं." काय म्हणायचं होतं तिला, कोण जाणे. पण मी परत फुंकली.

तेवढ्यात समोर सराफ्यातले एक सोनार आले. "अरे मराठे भैया, दुकान कब खुलेगी? कब से रास्ता देख रहे हैं." त्यांच्याशी दोन गोष्टी बोललो, ते गेले. मग ध्यानात आलं, मास्क घरीच राहिला होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं होतं आणि दुकानाचं विचारलं होतं.

डोळा

थंडी उतरायला लागली तेव्हा एका सकाळी पूर्वा म्हणाली, "बाबा, डोळे मिट." मी मिटले. "आता मी काय करते आहे?" दिसत नव्हतं. ती जीभ काढून उभी होती, हे तिनंच नंतर सांगितलं.

डॉक्टरांनी परत सगळं करून घेतलं. आठ्या आल्या, थोड्या कमी. डोळा मिटला. गाल फुगला, हवा राहिली. सीटी बजाओ. हवा.

"भट्टी पर जा सकते हो," ते म्हणाले. चष्मा लावून, सांभाळून.

मी विचारलं, "और सीटी?"

"आ जाएगी. न भी आए तो काम थोड़ी रुकता है."

आभार मानून बाहेर आलो. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. सुनंदानं रस्त्यात पेढे घेतले. पण मी मनात अकरावं वाक्य परत काढलं. किसी-किसी का थोड़ा रह जाता है. माझं जे राहणार होतं ते हेच असेल, तर कुणाला सांगणार? जगात शीळ नाही म्हणून कुणी उपाशी मरत नाही. दुकान उघडलं, भट्टी पेटवली, मूस ठेवली. हात सगळं करत होते. वरून काळजी सुरू झाली आणि खाली ओठ गप्प. पहिला आठवडा मी भट्टीसमोर मोठ्यानं सा लावून काढला. शेजारचा सोनार विचारून गेला, "भैया, सब ठीक?"

मग मी शिळेचा प्रयत्न सोडून दिला. मॅडमनी शिकवलं होतं, आच वाढवायची नाही. एवढं एक तरी नीट पाळलं.

होळी

होळीच्या सकाळी आईचा फोन आला. सुनंदा पुरण शिजवत होती, फोन पाण्याच्या कळशीला टेकवून ठेवला होता. आई गावाकडचं सांगत होती. भाऊ अजून रागावलाय, म्हशीला रेडकू झालंय, जत्रेला या. सुनंदा हुं हुं करत होती. मला तिनं पुरणयंत्र काढायला सांगितलं होतं आणि ते कायम सगळ्यात वर, सगळ्यात मागं असतं. मी स्टुलावर चढून एकेक डबा बाजूला सारत होतो. खाली गल्लीत पोरं ढोल बडवत होती. रेडकू झालंय तर आईच्या गुडघ्यांना ते कसं झेपणार, असं काहीतरी माझ्या मनात चालू होतं. पुरणयंत्र हाताला लागलं.

"दत्ता," फोनमधून आई म्हणाली, "घरात शीळ वाजवू नये म्हणून किती वेळा सांगायचं तुला?"

सुनंदाचा हात पुरणात थांबला. पूर्वा दारात येऊन उभी राहिली. मी स्टुलावर तसाच, हातात पुरणयंत्र. मला स्वतःला काहीच माहीत नव्हतं.

"काय म्हणालीस, आई?"

"साप येतो म्हणलं. बहिरा झालास काय आता?"

आईला वाटलं फोन बंद पडला. ती हॅलो, हॅलो करायला लागली. सुनंदानं पदरानं तोंड पुसलं आणि कळशीजवळ वाकली.

"येऊ द्या, आई," ती म्हणाली. "आला तर त्यालापण पोळी वाढते."